साडेसात महिन्यांचं अंतर

माझी जन्मतारीख एक जून. माझ्या बायकोचीही एक जून. शेवटच्या शाळेत आम्ही चार मास्तर होतो, त्यातल्या तिघांची एक जून. दरवर्षी एकतीस मेला निम्मा जिल्हा निवृत्त होतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पोरगं शाळेत आणून उभं केलं की मास्तरानं त्याला खालून वर न्याहाळायचं, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला टेकतो का बघायचं आणि एक जून लिहून मोकळं व्हायचं, ही आमच्याकडची रीत. मीही मास्तर झाल्यावर छत्तीस वर्षं तेच केलं. त्यातल्या एका एक जूननं एका पोरीचं काय झालं, ते लिहायला बसलो आहे. लिहून काही उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो.

पोरीचं नाव राणी धुळा सरगर. तासगावच्या पूर्वेला, जिथं द्राक्षबागा संपतात आणि कुसळं सुरू होतात, तिथल्या वाडीची. बाप धुळा मेंढपाळ. दिवाळी झाली की कळप घेऊन हा माणूस कृष्णाकाठी उतरायचा, कऱ्हाडच्या बाजूला मलकापूरला, तिथून वर कोरेगावला, आणि पाऊस तोंडावर आला की परत. बायको सुलाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून मागं. दोन्ही पोरं त्याच वाटेवर झाली. थोरला अमृत, धाकटी राणी.

जून दोन हजार अकराची गोष्ट. धुळा दोन्ही पोरांना घेऊन शाळेच्या दारात उभा राहिला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, आणि बोलणं दगडासारखं सरळ.

"गुरुजी, पोरं आमच्या बहिनीकडं ठिवतो, अंबूबाईकडं. पन दोघं येकाच वर्गात बसली पायजेत. न्हाईतर पोरगी ऱ्हायाची न्हाई. पळंल मेंढरामागं."

राणीचा जन्म सुलाबाईला पक्का आठवत होता. "संक्रातीला झाली की ओ. सुगडं पुजायची ऱ्हायली तशीच." साल मोजलं तर दोन हजार सहा. अशी तारखेसकट सांगणारी आई मला दहा वर्षांत भेटली नव्हती. आनंदानं लिहिलं, चौदा जानेवारी दोन हजार सहा. अमृतचं मात्र "मलकापूरला, उसाच्या फडाकडंला, थंडी लय हुती" एवढंच. पोरगा चांगला साडेसात वर्षांचा दिसत होता. खरं वय लिहावं तर शिक्षणहक्काच्या नव्या कायद्यानं त्याला वयाप्रमाणे वरच्या वर्गात बसवावं लागणार. तिथं अक्षरओळख नसलेला पोरगा लाजून पळणार आणि त्याच्यामागं बहीणही. मी मनाशी म्हटलं, सहा पूर्ण धरू. एक जून दोन हजार पाच लिहिलं आणि दोघांना पहिलीत एका बाकावर बसवलं. धुळा समाधानानं गेला. मलाही आपण लई शहाणे असं वाटलं.

एका आईच्या पोटची दोन पोरं, मधे साडेसात महिन्यांचं अंतर. दोन ओळी एकाखाली एक, माझ्याच अक्षरात. शिकवत होतो काय, तर गणित.

आता चाकांच्या बुटांकडे येतो. पोरं तिसरीत गेल्यावर सुलाबाईनं कळपामागं जाणं सोडलं आणि तासगावात रसूलभाई बागवानांच्या गोदामात बेदाणा निवडायला लागली. शाळा सुटली की पोरं तिथं. गोदामाला कोटा फरशी, काचेसारखी. माल फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत. नंतर निम्मं गोदाम रिकामं. रसूलभाईंची लेक अर्फा कॉलेजात होती. शाळेत असताना ती सांगलीला स्केटिंग शिकली होती, राज्यापर्यंत जाऊन आली होती, आणि आता तिचे बूट खुंटीला लटकत होते. राणीनं एक दिवस ते न विचारता पायात घातले. चार वेळा आपटली. पाचव्या वेळी रडत अर्फाकडं गेली आणि म्हणाली, "दीदी, ह्ये थांबवायचं कसं त्ये शिकव. पळवायचं माजं मी बघती."

अर्फानं दोघांनाही शिकवलं. स्केटिंगमध्ये शर्यत असते हे सगळ्यांना माहीत असतं. जोडीचा नाच असतो हे कुणाला नसतं. एक मुलगा, एक मुलगी, हातात हात, चाकांवर एकत्र वळायचं, आणि दोघांचे पाय एका पायासारखे पडले पाहिजेत. अर्फाच्या मोबाइलवर हंगेरी देशातल्या एका जोडीचा व्हिडिओ होता, बर्फावर नाचणारी. राणीनं तो इतक्यांदा बघितला की ती बाई कुठल्या वळणावर श्वास घेते हेसुद्धा सांगायची. मला नकाशात हंगेरी दाखवायला लावलं. दिवाळीआधी एकदा तो व्हिडिओ धुळालाही दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बर्फावर मेंढरू बी ठरत न्हाई. बाई जिगरीची हाय."

त्या हंगेरीच्या बाईनं दहा वर्षांत तीन जोडीदार बदलले होते. एक दमला, एक लग्न करून गेला, एकाचा गुडघा गेला. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. राणीला याचं फार वाईट वाटायचं. "आपलं बरं हाय," ती अमृतला म्हणायची, "तू कुटं जातोस? सख्खा भाऊ हाईस." वाडीतली तोंडंही त्यामुळंच गप्प होती. परक्या पोराच्या हातात हात घालून पोरगी फिरली असती तर धुळाला वाडीत उभं राहू दिलं नसतं. भावाबरोबर आहे म्हटल्यावर कुणाला बोट दाखवायला जागा नव्हती.

आणि एक गोष्ट त्या दोघांपाशीच होती. धुळा ढोल वाजवायचा. बिरोबाच्या जत्रेत गजीनाच्यांचा फेर धरला की ढोल धुळाचा. पोरं चालायला लागल्यापासून त्या ठोक्यावर पाय टाकत आलेली. मेंढरं वाघरातून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, बाहेर काढताना तो जोडीनं मोजायचा, जोड, जोड, जोड, आणि पोरं नाचताना तसंच मोजायची. बाकीचे एक-दोन-तीन-चार म्हणायचे आणि आमची जोड-जोड म्हणत फिरायची. सांगलीच्या पंचांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. गुण देताना हसले नाहीत.

जिल्ह्यात पहिली, विभागात पहिली, राज्यात एकदा तिसरी, मग दुसरी, मग पहिली. मी दोन हजार अठराच्या एकतीस मेला निवृत्त झालो आणि या पोरांचा हमाल झालो. अर्फाचं लग्न होऊन ती मिरजेला गेली, तरी रविवारी येऊन शिकवायची. स्पर्धेला मी न्यायचो. चाकं घट्ट करणं, दाखले सांभाळणं, डबे, सगळं माझ्याकडं. दाखल्यांची फाइल तर मी छातीशी धरून झोपायचो. इतक्यांदा चाळली, पण त्या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून कधी बघितल्या नाहीत.

धुळानं मात्र पोरांचा नाच एकदाही बघितला नव्हता. स्पर्धा नेमक्या हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात तो मलकापुरात नाहीतर कोरेगावात. पावसाळ्यात घरी असायचा तेव्हा पोरं सराव करायची, पण राणी त्याला गोदामात येऊ द्यायची नाही. "अर्धंकच्चं बगू नगा आप्पा. पुरं झाल्यावर बगा." तिला एवढंच हवं होतं. पदकं तिनं अंबूबाईच्या पत्र्याच्या पेटीत टाकून दिली होती. आप्पानं एकदा पुढच्या खुर्चीत बसून बघावं, याच्यासाठी ती पहाटे उठायची.

दोन हजार बावीसच्या डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धा आली. एकोणीस वर्षांखालचा गट. दक्षिणेतलं एक मोठं शहर. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकच ठरलेला नाच करायचा, दुसऱ्या दिवशी आपापला. दुसऱ्या दिवसाचा नाच पोरांनी धुळाच्या ढोलावर बसवला होता. अर्फानं तो ढोल पावसाळ्यात वाडीत जाऊन मोबाइलवर भरून घेतला होता. आणि या वेळी धुळा येणार होता. कळप चुलतभावाच्या हवाली करून, जन्मात पहिल्यांदा लांबच्या रेल्वेत बसून, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होता.

पहिल्या दिवसाअखेर आमची जोड सगळ्यांत वर होती. राणी माझ्याजवळ पळत आली आणि म्हणाली, "गुरुजी, उद्या पुढली खुर्ची धरून ठिवा." मी रुमाल टाकून खुर्ची धरलीसुद्धा.

तासाभरानं मला कार्यालयात बोलावलं. दुसऱ्या नंबरवरच्या जोडीच्या पालकांनी हरकत घेतली होती. टेबलावर आमचे दोन दाखले शेजारीशेजारी. अधिकारी तरुण होता, आवाज शांत. आईचं नाव एक, वडिलांचं एक, मधे साडेसात महिने. हे कसं? मी दोन्ही दाखले उचलून पुन्हा वाचले. तो म्हणाला, एखादं मूल दत्तक असेल, दुसऱ्या नात्यातलं असेल तर तसं सांगा. सकाळी नऊपर्यंत वडिलांचं लेखी आणून द्या, नाच होऊ दे, पुढचं पुढं बघू. तारीख खोटी असेल तर मात्र जोड बाद, दोघांवर दोन वर्षं बंदी.

अमृतचं खरं वय त्याच सुमारास एकोणीस पूर्ण झालं होतं. हरकत बरोबर होती. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. करायला गेलो होतो गणपती आणि झाला मारुती, आणि मारुती घडवणारा मी.

पण त्या वेळी मी हे कबूल केलं नाही. खोलीवर येऊन मी धुळाच्या नावानं एक कागद लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. लिहिलं की, राणी ही माझ्या मयत भावाची मुलगी असून तिला मी व माझ्या पत्नीने लहानपणीच मुलीप्रमाणे वाढवले आहे, व शाळेत आमचे नाव लावले आहे. खाली अंगठ्यासाठी जागा सोडली. एक खोटं झाकायला दुसरं, आणि तेही वळणदार.

सकाळी आठला धुळा आला. मुंडासं धुतलेलं, घोंगडं घडी करून खांद्यावर. स्टेडियमच्या पायरीवर मी त्याला आणि पोरांना सगळं सांगितलं. कागद वाचून दाखवला. धुळानं कागद हातात घेतला, उलटा होता तो सुलटा केला, आणि म्हणाला, "गुरुजी, येका अंगठ्यानं पोरीचा नाच हुतोय न्हवं? मग द्या शाई."

मी शाईची डबी उघडली. त्यानं अंगठा टेकवलासुद्धा डबीवर. तेवढ्यात राणीनं त्याचं मनगट धरलं.

"आप्पा, ह्यो अंगठा उठला तर म्या कुनाची?"

"आगं, कागुद हाय त्यो. कागदानं काय हुतंय?"

"मला तुमाला दावायचं हुतं. भावाच्या पोरीचा नाच बगाय आलाय का तुमी?"

धुळानं अंगठा घोंगड्याला पुसला. राणीनं कागदाची घडी करून माझ्या खिशात घातली. "गुरुजी, खरं काय त्ये सांगून या." रागानं म्हणाली नाही. शाळेत मी पाटी पुसून आणायला सांगायचो तसं म्हणाली.

मी गेलो आणि सांगितलं. तारीख मी लिहिली, खोटी लिहिली, पोरांना माहीत नव्हतं. अधिकाऱ्यानं सगळं टिपून घेतलं, मला पाणी दिलं आणि नियमाप्रमाणे जोड बाद केली. दोन वर्षं बंदी. नऊ वाजता दुसऱ्या जोडीचं नाव पुकारलं. पुढच्या खुर्चीवर माझा रुमाल तसाच होता. धुळा त्या खुर्चीत बसला नाही. मागं भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यानं सगळ्या परक्या पोरांचे नाच शेवटपर्यंत बघितले. मधेच अमृतला विचारलं, "तुमी ह्यांच्यापरास बरं नाचता व्हय?" अमृत म्हणाला, "व्हय आप्पा." धुळानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिरजेला उतरलो. धुळाला तिथनंच कऱ्हाडची गाडी धरून कळपाकडं जायचं होतं, गाडीला अर्धा तास होता. फलाट बऱ्यापैकी रिकामा. धुळा खाली बसला, फरशीवर तळवा फिरवला आणि राणीकडं बघून म्हणाला, "गुळगुळीत हाय की गं. हितंच दावा. बूट हाईतच पिशवीत."

अमृतनं पिशवीची चेन उघडली. मीही म्हणालो, दाखव गं. राणीचं तोंड रडून सुजलेलं होतं, पण मान ताठ.

"हितं? लोकांच्या पायात? न्हाई आप्पा. दोन वरसांनी खऱ्या रिंकवर दावीन. तुमी पुढल्या खुर्चीत बसायचं."

"दोन वरसं म्हंजी दोन दिवाळ्या," धुळा म्हणाला. "बरं." मग घोंगडं झटकून उभा राहिला आणि गाडी येईपर्यंत आम्ही चहा प्यालो.

एकच दिवाळी मिळाली. दोन हजार चोवीसच्या जानेवारीत कोरेगावजवळ एका शेतात कळप बसवलेला असताना धुळाच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. चुलतभावानं सांगितलं, त्या दिवशी तेरा जानेवारी होती आणि उद्या राणीला फोन लावून दे असं धुळानं त्याला सांगून ठेवलं होतं, लेकीचा वाढदिवस म्हणून. आमच्या भागात बापाला लेकीची तारीख माहीत असणं दुर्मीळ. त्याला ती माहीत होती.

राणी रडली नाही याची मला भीती वाटली. तिनं बूट अंबूबाईच्या पेटीत ठेवले. अमृत रसूलभाईंच्या टेम्पोवर लागला. अर्फा तेवढी चिकाटीची. बंदी उठल्यावर दोन हजार पंचवीसच्या फेब्रुवारीत सांगलीला मोठ्यांच्या गटाची जिल्हा स्पर्धा होती. अर्फा वाडीत आली आणि सुलाबाईसमोर म्हणाली, "राणी, अब्बांच्या गोदामात तू माझे बूट न विचारता घातलेस. आता मी न विचारता तुझं नाव घातलंय." सुलाबाईनं फक्त पेटी उघडली.

महिनाभर सराव झाला, पण मोबाइलवरची दुसरीच गाणी लावून. ढोल लावायला राणी नको म्हणायची. "रिंकवरच लावा," म्हणायची.

जोडीच्या नाचाला त्या दिवशी जिल्ह्यात एकच जोडी होती, हीच. उभं राहिलं तरी पहिलं बक्षीस होतं. सुलाबाई पुढच्या खुर्चीत बसली होती, शेजारची खुर्ची रिकामी. पोरं रिंकच्या मधोमध जाऊन उभी राहिली, हात धरला. ढोल सुरू झाला.

भरून घेताना अर्फानं सुरुवात कापली नव्हती हे आमच्या कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. ढोलाच्या आधी धुळाचा आवाज आला. "झालं का चालू ह्ये? वाजवू?" आणि मग पहिला ठोका.

राणीचा पाय उचललाच नाही. अमृतनं हात ओढून बघितला, हळू म्हणाला, "जोड... जोड..." ती जागची हलली नाही. मग तोही थांबला. साडेतीन मिनिटं ढोल वाजला आणि दोघं एकमेकांचा हात धरून नुसती उभी राहिली. पंच एकमेकांकडं बघत होते. ढोल संपल्यावर तिनं पंचांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर आली.

मी तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसलो. मला वाटत होतं, आता तरी म्हणेल, गुरुजी, तुमच्या त्या तारखेनं हे केलं. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मिरजंच्या इस्टेसनात दावलं असतं गुरुजी. अर्धा तास हुता. ताठपणानं न्हाई दावलं." आणि मग एक वर्ष साठवलेलं रडणं बाहेर आलं. सुलाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. अमृत पलीकडं तोंड करून चाकं पुसत बसला.

दोघांची ती शेवटची स्पर्धा.

आता राणी रसूलभाईंच्या गोदामात पोरांना शिकवते. पंधरा-वीस पोरं आहेत, वाडीची, तासगावची. माल आला की वर्ग बंद, माल हलला की सुरू. नावं नोंदवताना जन्मतारीख ती आईला विचारते, मला वहीला हात लावू देत नाही, आणि त्यात हसायचं काही नाही हे आम्हा दोघांना माहीत आहे. मी कोपऱ्यात बसून चाकं घट्ट करतो.

परवा सरावाच्या ऐन मधे एका पोरीचा बाप दारात आला. खताच्या गाडीवर हमाल आहे, पाच मिनिटं सवड काढून आला होता. पायात चिखल, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबला आणि म्हणाला, "चालू द्या बाई. मी आपला सवडीनं येतो परत, पोरगी पक्की झाली की."

पोरगीही लाजून म्हणाली, "मला अजून वळता येत न्हाई."

राणीनं गाणं बंद केलं. सगळ्या पोरांना भिंतीला उभं केलं. स्वतःची खुर्ची उचलून दारात नेली, त्या माणसाला चिखलाच्या पायांनी तिच्यावर बसवलं, आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पडलीस तरी चालंल. बाप बसलाय. आत्ताच दाव."